शनिवार रात्र, सात जण आणि एक टेबल

या खेपेला आलेल्या पत्रांत अर्ध्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीची आहेत, सुट्टीला दुसऱ्या गावी जातोय, वीकेंडची एकच रात्र हाताशी आहे, जरा गजबजलेलं, मस्त हॉटेल सांगा. त्यातली दोन निवडली, तिसरं हॉटेलच्या बिलाचं आहे. पहिलं लांब आहे पण ते वाचताना मला माझंच घर दिसलं म्हणून त्याचं उत्तरही लांबणारे, आधीच सांगते.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही नागपूरचे. पुढच्या महिन्यात शुक्रवारी रात्री दुरांतोने निघून शनिवारी सकाळी मुंबई, रविवारी रात्री परत. उतरणार सीएसएमटीजवळच. म्हणजे मुंबईची रात्र एकच, शनिवारची. आम्ही सात जण, सासू-सासरे (६६ आणि ७२), मी, हे, नणंद आणि दोन मुलं (१५ आणि ९). बाबांना कमी ऐकू येतं, कानाला मशीन आहे पण गर्दीत ते काढून खिशात टाकतात. आई शनिवार पाळतात, शेजारी कोणी नॉनव्हेज खाल्लं तर चालतं, स्वतः नाही. यांना मासे पाहिजेत, मुलाला 'व्हाइब' पाहिजे, लेकीला फक्त आइस्क्रीम पाहिजे, आणि नणंद म्हणते शांत हॉटेल नको, शांतता तर आपल्या धरमपेठेतही आहे, मुंबईची रात्र दिसली पाहिजे. रील्समध्ये एवढ्या जागा दाखवून राहिले की माझं डोकंच बंद पडलं. दहा नावं नका सांगू, एकच सांगा न!
— एक सूनबाई, नागपूर

उत्तर : सूनबाई, एकच सांगते. चर्चगेटला वीर नरिमन रोडवरचं गेलॉर्ड, संध्याकाळी साडेसात, रस्त्याकडेच्या व्हरांड्यातलं टेबल, आणि बुकिंग आजच करा, पुढच्या महिन्याची वाट बघू नका.

आता का ते सांगते, कारण नुसतं नाव सांगितलं तर तुमचा मुलगा लगेच फोनवर फोटो बघून म्हणेल की हे तर आजोबांच्या टाइपचं आहे.

काही वर्षांपूर्वी माझी मावशी आणि काका साताऱ्याहून आले होते. मला हौस, त्यांना 'आजची मुंबई' दाखवायची. लोअर परळला एका नव्या रेस्टोबारमध्ये शनिवारचं टेबल घेतलं, फोटोत फार सुंदर होतं, लाकडी छत, पिवळे दिवे, टांगलेली झाडं. आम्ही नऊला पोचलो तेव्हा बरं होतं, साडेनऊला डीजेने आवाज वाढवला आणि त्यानंतर आमच्या टेबलावर बोलणं हा प्रकारच बंद झाला. काकांनी कानातलं मशीन काढून मावशीच्या पर्समध्ये ठेवलं, खिशातलं पेन काढलं आणि टिश्यू पेपरवर लिहून मला दाखवलं, "भाकरी मिळेल का". मी हसले खरी पण तो टिश्यू अजून माझ्याकडे आहे आणि बघितला की लाजच वाटते. पदार्थ वाईट नव्हते हो. पण अडीच तास दोन माणसं हसऱ्या चेहऱ्याने भिंतीकडे बघत बसली होती आणि पैसे भरून मी त्यांना तिथे बसवलं होतं.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे, टेबलावर ज्याला सगळ्यात कमी ऐकू येतं त्याच्या हिशेबाने हॉटेल निवडायचं. बाकीच्यांचं आपोआप जमतं. गजबज वेगळी आणि गोंगाट वेगळा, आणि आपल्याकडे हल्ली दोन्हीला 'लाइव्हली' म्हणतात तिथे घोळ होतो. गजबज माणसांची असते. शेजारच्या टेबलावर वाढदिवस चाललाय, वेटर चार प्लेटी हातावर तोलत वाट काढतोय, कुणीतरी आजोबा 'नेहमीचं आण रे' म्हणतायत, दारात पाच जण आत डोकावून बघतायत की कोण उठतंय का. हे सगळं तुमच्या बाबांना मशीन न लावताही दिसेल, कळेल. गोंगाट स्पीकरचा असतो, तो बंद केला तर त्या जागेत उरतं काय, तर पिवळे दिवे.

गेलॉर्ड १९५६ सालचं. त्या काळी या रस्त्याला चर्चगेट स्ट्रीट म्हणायचे आणि पन्नास-साठच्या दशकात इथल्या हॉटेलांमधून रात्री जॅझचे बँड वाजायचे, वाजवणारे बरेचसे गोव्याचे. यातल्याच गोवेकर मंडळींनी दिवसा हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात काम केलं, शंकर-जयकिशनच्या गाण्यांची अरेंजमेंट वर्षानुवर्षं करणारे सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचेच. आणि जयकिशनचं तर गेलॉर्डमध्ये ठरलेलं टेबल होतं, १९७१ मध्ये ते गेले तेव्हा त्या टेबलावर मेणबत्ती लावून ते महिनाभर त्यांच्या नावाने राखून ठेवलं होतं असं सांगतात. तुमचे बाबा ७२ वर्षांचे, म्हणजे जयकिशन गेले तेव्हा ऐन कॉलेजच्या वयात असणार. हे त्यांना टेबलावर बसल्यावर सांगा, आधी नको. मग बघा मशीन कानात राहतं की खिशात जातं.

मेन्यू पंजाबी आणि जुन्या पद्धतीचं कॉन्टिनेंटल, दोन्ही. आईंना पनीर-दाल-रोटी मिळेल, मुलाला चीज घातलेलं काहीतरी बेक केलेलं मिळेल, नणंदेला ग्लास घेऊन रस्त्यावरची गर्दी बघत बसता येईल. स्वस्त नाहीये, ते मनात धरून चला. तुमच्या यांना मासे मिळतील पण ते मालवणी नव्हेत, आमसुलाचं आंबट आणि तिरफळ तिथे शोधू नका. त्याचा बंदोबस्त रविवारी दुपारी करू, खाली सांगते.

आईंच्या बाबतीत एक स्पष्टच बोलते. शेजारी कोणी खाल्लं तर चालतं असं तुम्ही लिहिलंय, पण कढई-तवा वेगळा हवा असं त्यांच्या मनात असेल आणि त्या सुनेला बोलत नसतील, तर आधी विचारून घ्या. मिक्स हॉटेलात वेटर 'हो हो, अलग बनता है' म्हणतोच, आत काय चालतं ते त्यालाही बघायला मिळत नाही. तसं असेल तर मग गेलॉर्ड सोडा आणि तिथून चालत जाण्यासारखं सम्राट आहे, जमशेटजी टाटा रोडवर, गुजराती थाळी, शुद्ध शाकाहारी. थाळीच्या हॉटेलाला लोक उगाच दुपारचं जेवण समजतात. शनिवारी रात्री सगळी कुटुंबंच्या कुटुंबं आलेली असतात, वाढपी भांडी घेऊन फिरतायत, फरसाण, कढी, पुरी, परत फरसाण, नको म्हणायला हात आडवा धरावा लागतो, यापेक्षा वेगळी गजबज ती काय. ताडदेवचं स्वाती स्नॅक्सही सुंदर, १९६३ पासूनचं, केळीच्या पानातली पानकी खाण्यासारखी, पण तिथे नाव लिहून रांगेत थांबायची पद्धत आहे आणि तुमच्यासोबत ६६ आणि ७२ ची माणसं आहेत. सात जणांना एकत्र टेबल म्हणजे अजून थांबा. चौघं असतात तर तेच सांगितलं असतं.

मुलगा लिओपोल्ड कॅफेचं नाव काढणार, लिहून ठेवा. काढू दे. १८७१ पासूनची जागा आहे, २६/११ च्या गोळ्यांच्या खुणा अजून ठेवल्यात, कुलाब्याला फिरायला जालच तर दुपारी चारला तिथे काहीतरी थंड प्यायला बसा, त्याचा फोटो होईल. शेजारी मोंडेगार कॅफेच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडाची चित्रं आहेत, ती नुसती बघायलाही मजा येते, त्यातला एकेक माणूस आपल्या ओळखीचा वाटतो. पण शनिवारी रात्री तिथे बियरच्या ग्लासांमध्ये आईंना बसवू नका. आणि लोअर परळ किंवा बांद्र्याच्या रेस्टोबारचं म्हणाल तर काही ठिकाणी रात्री आठ-नऊनंतर २१ च्या आतल्या पोरांना दारातूनच परत पाठवतात, १५ वर्षांच्या मुलाचा त्याच्या आजीसमोर असा अपमान कशाला. महाराष्ट्रात बियर-वाइनला २१ आणि बाकी दारूला २५ वय लागतं, दारातला माणूस त्याच्या नोकरीला घाबरून असतो, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. आणखी एक, गच्चीवरच्या कुठल्याही जागेत गेलात तर बसायच्या आधी दुसरा जिना कुठे आहे ते बघून घ्या. २०१७ च्या डिसेंबरात कमला मिलच्या आगीत १४ जण गेले, त्यानंतर मी हे न चुकता बघते आणि घरचे मला हसतात, हसू देत.

बुकिंगचं तंत्र सांगते, हे कुठल्याही शहरात चालतं. फोन दुपारी चार-साडेचारला करायचा. त्या वेळी दुपारची गर्दी उठलेली असते, रात्रीची आलेली नसते, फोन घेणाऱ्याला बोलायला वेळ असतो. शनिवारी रात्री आठला फोन केलात तर तो फक्त 'नो टेबल मॅडम' म्हणणार. विचारायचं काय, तर सात जणांना एकच टेबल देणार की दोन जोडून, जोडून असेल तर अंतर नको, नाहीतर आई-बाबा एका बेटावर आणि बाकी दुसऱ्या. मग विचारा की टेबल किती वेळ आमचं, कारण वीकेंडला बऱ्याच ठिकाणी दीड-दोन तासांनी पुढचं बुकिंग लावून ठेवतात आणि मग गोड खाताना वेटर बिलाचं फोल्डर घेऊन मागे उभा. आणि शेवटचं, रात्री गाणी लागतात का, किती वाजल्यापासून. तो 'सॉफ्ट म्युझिक' म्हणाला तर विश्वास ठेवू नका, शनिवारी रात्री काढलेले गिऱ्हाइकांचे व्हिडिओ गुगल मॅपवर असतात ते आवाज चालू ठेवून बघा. हॉटेलवाल्यांनी टाकलेले फोटो नाही, गिऱ्हाइकांनी टाकलेले. फोटोत सगळ्या खुर्च्या रिकाम्या आणि ताटं भरलेली असतील तर ते फोटो दुकानाचे, खुर्च्या भरलेल्या आणि ताटं अर्धी संपलेली असतील तर खरे. त्याच मॅपवर कुठल्या तासाला किती गर्दी असते त्याच्या काड्या दाखवतात, शनिवारची सगळ्यात उंच काडी ज्या तासाला असेल त्याच्या तासभर आधी पोचायचं. म्हणजे जागा आपल्याला आणि गजबज आपल्यासमोर भरत जाते, ती बघण्यात वेगळीच मजा आहे. म्हणून मी साडेसात म्हटलं.

आता संध्याकाळ अशी लावा. सीएसएमटीहून चर्चगेट दीड किलोमीटरच्या आसपास आहे. बाबांचे गुडघे बरे असतील तर हुतात्मा चौकापर्यंत चालत या आणि तिथून वीर नरिमन रोड सरळ धरा, एका हाताला ओव्हल मैदान, दुसऱ्या हाताला क्रॉस मैदान, मग चर्चगेट स्टेशन, त्याच रस्त्यावर पुढे हॉटेल. गुडघे नको म्हणत असतील तर काळी-पिवळी करा, एका गाडीत चारच बसतात त्यामुळे दोन लागतील, मीटरचं किमान भाडं २०२५ च्या फेब्रुवारीपासून ३१ रुपये आहे, दोन्ही मिळून फार नाही होणार. रिक्षा शोधू नका, दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीच, नागपूरच्या माणसाला हे पहिल्यांदा खरं वाटत नाही.

जेवण झालं की तिथे गोड मागवू नका. कटाक्षाने नाही म्हणा. समोरच्या अंगाला ब्रेबॉर्न स्टेडियमच्या बाजूला के. रुस्तम आहे, १९५३ पासूनचं, आइस्क्रीमची जाड वडी दोन पातळ बिस्किटांच्या मध्ये घालून कागदावर ठेवून हातात देतात. लेकीसाठी तर मुंबई म्हणजे तेवढंच असणार आहे. ते धरून चालत मरीन ड्राइव्हला जायचं, पाच मिनिटं, आइस्क्रीम तिथपर्यंत टिकत नाही, कोपरापर्यंत ओघळतं, रुमाल जवळ ठेवा. कठड्यावर बसा. नणंदेला हवी होती ती मुंबईची रात्र तिथे फुकट आहे, आणि बाबांना समुद्राचा आवाज ऐकू येईल, तो खालच्या पट्टीतला असतो.

मुलगा आणि त्याचे बाबा यांच्या पोटात तरीही जागा असेल, त्या वयात असतेच, तर बाकीच्यांना टॅक्सीत बसवून त्या दोघांनी ताजच्या मागच्या गल्लीत बडेमियाँला जावं. १९४६ पासून चालू आहे, सीख कबाब आणि बैदा रोटी घ्यायची, टेबल नाही मिळालं तर उभ्या गाडीच्या बॉनेटवर प्लेट ठेवून खायचं. व्हाइब व्हाइब म्हणतात ती हीच, आणि ती बापलेकांनी एकत्र बघितलेली बरी.

राहिले मासे. रविवारी दुपारी. आईंचाही वार संपलेला असेल, म्हणजे सगळेच खातील. फोर्टमध्ये माशांची चांगली हॉटेलं आहेत, महेश लंच होमचं नाव ऐकलं असेल, काळा घोड्याला तृष्णाचा बटर-पेपर-गार्लिक खेकडा तर परदेशी लोक शोधत येतात, पण ही मंगळुरी वळणाची. आपल्या पद्धतीचं हवं तर दादरला या, सिंधुदुर्ग, चैतन्य, गोमांतक, यातलं जिथे पटकन टेबल मिळेल तिथे बसा. बांगडा किंवा सुरमईचं ताट आणि सोलकढी, आणखी काही नको. सव्वाबाराला पोचा, एकला पोचलात तर रस्त्यावर उभं राहाल. रविवारी दुपारी मध्य आणि हार्बरला मेगाब्लॉक असतो, तेव्हा सीएसएमटीहून लोकलच्या नादी न लागता चर्चगेटहून दादर पकडा. पश्चिमवाल्यांचाही ब्लॉक कधीकधी असतो, पण तो बहुतेक त्या वरच्या अंगाला. आणि तुमचा 'पुढचा महिना' जून किंवा जुलै असेल तर एक ध्यानात ठेवा, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ताजं म्हणून जे ताटात येतं त्यात बर्फातलं बरंच असतं, तेव्हा सुक्या बोंबलाची चटणी आणि कोलंबीवर समाधान माना. यांना सांगून ठेवा, सावजीसारखं तिखट नसतं, नारळ असतो, आणि 'तर्री कुठे आहे' असं दादरमध्ये विचारू नका म्हणावं.

प्रश्न : आम्ही सांगलीचे चार जोडपी, सगळे बँकेतून रिटायर झालेले. जानेवारीत पणजीला शुक्रवार ते रविवार जातोय. बागा-कळंगुटची धावपळ नको, पण आठ वाजता रूमवर येऊन टीव्हीही बघायचा नाहीय. गाणीबिणी असणारं, जरा जिवंत असं जेवायचं ठिकाण पणजीतच मिळेल का? आमच्यातले तिघे शाकाहारी आहेत.
— सांगलीकर

उत्तर : मिळेल, पण घड्याळ लवकर लावा. गोव्यात उघड्यावरच्या संगीताला रात्री दहाची मर्यादा आहे, म्हणजे तो देशभराचाच नियम आहे, दहा ते सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, पण गोव्यात अंगणातल्या, नदीकाठच्या जागा जास्त म्हणून तिथे तो जास्त जाणवतो. आपले लोक दुपारभर झोपून, आवरून, साडेनऊला टेबलावर येतात आणि पंचवीस मिनिटांत गिटारवाला वायर गुंडाळायला लागतो, मग म्हणायचं गोव्यात काही मजा नाही राहिली. साडेसातला बसा. गाणारा माणूस ताजा असतो, फर्माइश चालते, आठ जणांचं टेबल बघून तो स्वतःच जवळ येतो. जुनी हिंदी मागा, लाजू नका, त्याला ती येतातच.

जागा म्हणाल तर फोंतेन्हासचा जुना भाग आणि ३१ जानेवारी रस्ता, इथल्या गल्ल्यांत संध्याकाळी सहाला नुसतं भटकायला निघा. व्हेनिते म्हणून जुन्या घराच्या माडीवर एक हॉटेल आहे, लाकडी जमीन, रस्त्यावर आलेल्या एवढ्याशा बाल्कन्या, एकीत एक टेबल. आठ जण मावणार नाहीत हे खरं, पण दोघा-दोघांनी बसलात तर तक्रार कुणाची? तीस-चाळीस वर्षं एकमेकांची तोंडं बघितलीत, एक संध्याकाळ आपापल्या बायकोशी बोला. सगळ्यांना एकत्रच बसायचं असेल तर त्याच भागात व्हिवा पंजिम आहे, गल्लीतल्या घरात. जोसेफ बार बघायला जा पण जेवायला नाही, ती उभं राहून प्यायची जागा आहे, अर्धी गिऱ्हाइकं गल्लीतच असतात. फेणीचा वास सहन होत नसेल तर उर्राकचं, म्हणजे काजूच्या रसाच्या हलक्या दारूचं, नाव काढतील सगळे, पण तो काजूच्या मोसमात, मार्च ते मे. जानेवारीत कुणी ताजा उर्राक म्हणून दिला तर हसून नको म्हणा.

रविवारची रात्र यासाठी राखून ठेवू नका, जुन्या पणजीतल्या बऱ्याच जागा रविवारी बंद असतात आणि ज्या उघड्या असतात त्याही दुपारी तीन ते सात दार लावून झोपतात. शुक्रवार आणि शनिवार हेच तुमचे दोन दिवस. मासळीचं ताट दुपारी खा, १८ जून रस्त्यावर रिट्झ क्लासिकला, तिथली दुपारची झुंबड हा स्वतंत्र कार्यक्रम आहे. रात्री गोव्याचे चिकनचे प्रकार, हिरव्या मसाल्यातलं काफ्रेआल आणि खोबरं-मसाले भाजून केलेली शाकुती.

शाकाहारी तिघांसाठी, खरं सांगायचं तर या पोर्तुगीज वळणाच्या हॉटेलांत त्यांचे हाल होतात. मश्रूमची शाकुती बऱ्याच ठिकाणी मिळते, ती चांगली लागते, शेवटी मजा आहे ती वाटणात. बेबिंका मागवताना सांगा की त्यात अंडी असतात, भरपूर असतात. अंडं न खाणाऱ्याने 'थरांचा केक' म्हणून खाल्ला आणि मग बायकोने सांगितलं, असं एक प्रकरण आमच्या ओळखीत झालंय, तो माणूस अजून बायकोशी त्यावरून भांडतो.

प्रश्न : पुण्याहून आम्ही सहा मित्र बेंगळुरूला गेलो होतो, शनिवारी एका फेमस ठिकाणी गेलो, मजा आली, पण बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता आणि मॅनेजर म्हणाला ही आमची पॉलिसी आहे, मेन्यूवर लिहिलंय. आम्ही भरून आलो. भरायलाच लागतो का तो?
— इंजिनीअर, पुणे

उत्तर : नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला नियम काढले की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही आणि दुसऱ्या नावाखालीही घ्यायचा नाही, हॉटेलवाले त्याविरुद्ध कोर्टात गेले, दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ते नियम कायम ठेवले. मेन्यूवर बारीक अक्षरात छापलं म्हणून तो सक्तीचा होत नाही. पुढच्या वेळी शांतपणे 'हा काढून बिल परत द्या' म्हणायचं, आवाज चढवायची गरज नाही, बहुतेक जण काढून देतात कारण त्यांनाही माहितेय. नाहीच काढला तर तिथेच टेबलावरून १९१५ ला फोन लावा, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. बिलाचा फोटो ठेवा.

जीएसटी मात्र भरायचाच, साध्या हॉटेलात ५ टक्के, मोठ्या तारांकित हॉटेलच्या आतल्या रेस्टॉरंटमध्ये १८ असू शकतो. दारूवर जीएसटी नाही, तिच्यावर राज्याचा वेगळा कर, म्हणून बिलात दोन बेरजा दिसतात, त्यात गोंधळून जाऊ नका. आणि सर्व्हिस चार्ज काढायला लावलात म्हणून तसंच उठून येऊ नका रे. ज्या पोराने तुम्हा सहा जणांच्या अकरा ऑर्डरी डोक्यात ठेवल्या त्याला बाजूला बोलवा आणि शंभर-दोनशे त्याच्या हातात द्या, फोल्डरमध्ये नको.